झेंडूचा हार

नायलॉन मांजा विकणाऱ्याला तुरुंगात धाडणारा कायदा व्हावा, म्हणून सर्जन मृणाल उमाठे आमदारांच्या समितीपुढे आल्या. संक्रांतीला मांजाने गळा चिरलेली एक मुलगी त्यांच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावली होती.

समितीचे अध्यक्ष दौलतराव खो-खो हसले. "बाई, दोऱ्याने का कुणी मरतं? तुम्ही आपले टाके घाला, कायद्याचं आम्ही पाहतो."

मृणालताईंनी पिशवीतून झेंडूचा हार काढला. सत्कारांना सरावलेल्या दौलतरावांनी आपसूक मान पुढे केली.

हार गळ्यात पडताच त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, आता मान वळवू नका. हा हार नायलॉन मांजात ओवलाय."

दौलतराव जागच्या जागी थिजले. कपाळावर घाम फुटला, आवंढाही गिळवेना. हार काढायला गेलेले हात अर्ध्यातच थबकले.

"कात्री! अहो, कात्री आणा कुणीतरी!" मान न हलवता ते कसेबसे म्हणाले.

मृणालताईंनी स्वतःच मागून हार अलगद कापला.

"माझी कात्री एका वेळी एकच गळा सोडवते, साहेब. राज्यभरचे गळे सोडवायला कायदा लागतो, आणि तो तुमच्या हातात आहे."

दौलतराव कितीतरी वेळ गळा चाचपत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "विधेयक वाचायला घ्या."

त्याच अधिवेशनात कायदा झाला.