खोकणाऱ्या गाडीचं गिऱ्हाईक

पन्नासेक वर्षांमागं जर्मनीतल्या एका उंची मोटारींच्या दुकानात एकाच घराण्याच्या तीन बहिणी काचेआड उभ्या होत्या. मंत्र्यासंत्र्यांना मिरवणारी लांबलचक काळी थोरली, उघड्या टपाची तांबडी धाकटी आणि मधली, साधी डिझेलवाली.

किल्ली फिरवली की थोरली-धाकटी लगेच गुणगुणायच्या. मधली नुसती खोकायची. गिऱ्हाइकाला कुठला धीर? ते हसून पुढं जायचं. आज खपली नाही, तर तिची रवानगी मागच्या गोदामात ठरलेली.

"अगं, चारचौघांत तरी खोकू नकोस!" धाकटी म्हणाली.

"आधी ऊब लागते गं मला. क्षणभर थांबलं, तर दिवसभर धावेन. पण थांबतंय कोण?"

दुपारी टॅक्सी चालवणाऱ्या हेडविगबाई आल्या. मधलीत बसून त्यांनी किल्ली अर्धीच फिरवली आणि मांडीवर हात ठेवून त्या स्वस्थ बसल्या.

"सावकाश होऊ दे, बाई," त्या गाडीला म्हणाल्या. "कॉफी पोटात गेल्याशिवाय मीसुद्धा सकाळी कुणाशी बोलत नाही."

अर्ध्या किल्लीवर इंजिनात ऊब चढली. मग त्यांनी किल्ली पुरती फिरवली, आणि मधली एकदाही न खोकता सुरू झाली.

"हीच नेते," हेडविगबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मधली पाठीमागं उतारू घेऊन दुकानावरून गेली. बहिणी अजून काचेआडच होत्या. तिनं त्यांना हॉर्न दिला, हलकेच.