धुरातला आवाज

एका राज्यात सकाळ उजाडे, पण सूर्य दिसत नसे. राजवाड्यामागे एक अग्निकुंड होतं. काळे दगड खाऊन ते धगधगे, आणि त्याच्याच बळावर गिरण्या फिरत, दिवे लागत. राजा धवलसेनाने ते एका मांत्रिकाकडून घेतलं होतं. अट अशी, की रोज दगडांची पहिली मूठ राजघराण्याच्या हाताने पडावी, आणि घेणाऱ्याने मेल्यावर धूर होऊन राहावं. राजाने हसत मान डोलावली. गरजवंताला अक्कल नसते, मग तो राजा का असेना.

राजा वारला आणि धूर झाला. राणी उत्पला रोज पहाटे मूठ टाकी, तेव्हा धुरातून आवाज येई, "राणी, झोप लागली का?" एवढ्या बोलावर तिचा दिवस निघे. दुसरं कोणी तिला विचारणारं नव्हतं. शहर खोकत होतं, तान्ही मुलं निळी पडत होती. राणीला ते दिसत होतं, आणि तरीही ती मूठ टाकत होती.

एके दिवशी काजळीने माखलेली साळुंकी सज्ज्यावर येऊन बसली. तिची पिल्लं घरट्यातच गुदमरली होती.

"राणी, तुझ्यासाठी एक आवाज राहावा म्हणून आमचे किती गेले?"

उपायही साळुंकीनेच सांगितला: वाऱ्याचा फेरा, उन्हाचा कवडसा आणि धबधब्याची उडी आण. सगळं राज्य त्यांवर चालेल. मग मूठ थांबव.

राणी एकटीच निघाली. डोंगरावर वारा भेटला. त्याने फेरा दिला, पण राजाचा शेला मागून घेतला. माळावरच्या उन्हाने कवडशासाठी राजाच्या तसबिरीतले रंग नेले. धबधब्याला हवं होतं राजाने तिला शिकवलेलं गाणं. ते दिलं आणि तिला त्याची चालही आठवेना. परतली तेव्हा तिच्यापाशी राजाचा नुसता आवाज उरला होता, आणि तो धुरात होता.

वाऱ्याने गिरण्या फिरवल्या, उन्हाने दिवे उजळले, पाण्याने लोहारांचे भाते हलवले. दुसऱ्या पहाटे राणी रिकाम्या हातांनी कुंडापाशी उभी राहिली. निखारे विझत आले होते.

"राणी, झोप लागली का?"

"नाही, महाराज. आज मूठ टाकणार नाही."

धूर बराच वेळ तिच्याभोवती घुटमळला.

"मग सुटलो मी. जातो."

"जातो म्हणू नये, महाराज. येतो म्हणावं."

"येतो," राजा म्हणाला.

निखारा विझला, मांत्रिकाची अट सुटली. दुपारपर्यंत आभाळ निळं झालं आणि लोकांनी कित्येक वर्षांनी पांढरी धुणी अंगणात वाळत घातली. राणीला मात्र इतकं मोकळं आभाळ सोसवेना. दारं लावून ती पोटभर रडली. पुढे मुलं धष्टपुष्ट झाली, पाखरं परतली, राज्य सुखाने नांदलं. येतो म्हणून गेलेला राजा तेवढा आला नाही.