ठेंगणं दार

"मग बाबा, बोलायचं कुठं? तेवढं सांगा."

अतिषचा आवाज फाटला होता. टेकडीवरच्या तकियात, फकिराच्या त्या मठीत, तो दुपारपासून भिंतीला पाठ लावून बसला होता. ठेंगण्या दारातून येणाऱ्यानं वाकायचं आणि आपलं नाव सांगायचं, हा तिथला रिवाज. अतिष वाकला होता. नाव मात्र त्यानं गिळलं होतं.

नूरबाबा फकीर चुलीत काटक्या सारत होते. "जागा कुठल्या कुठल्या आहेत?"

"मोबाइलवर दोन तऱ्हा. एकीकडं दोन ओळींत बोलायचं, आपल्या नावानं, गर्दीत दगड भिरकावल्यासारखं. दुसरीकडं आपण बोलायलाच नको. सगळीकडचं बोलणं गोळा करून एका पानावर ओततात. खाली लोक भांडत बसतात."

"तू कुठं बोललास?"

"पहिल्या ठिकाणी."

बोलला ते खरंच होतं. कॉलेजच्या संस्थापकांच्या सत्काराला पोरं भर उन्हात उभी केली. एक मुलगी भोवळ येऊन पडली. पोक्त मंडळी मांडवात पंख्याखाली टाळ्या वाजवत राहिली. त्याच दिवशी अतिषनं कॉलेज सोडलं आणि लिहिलं: म्हातारे मांडवात, पोरं उन्हात.

गोळा करणाऱ्या पानानं ती ओळ उचलली आणि गावातल्याच एका शोकसभेच्या फोटोखाली लावली. मांडव तिथंही होता. झालं, मेलेल्या माणसाची टिंगल केली म्हणून अख्खा तालुका पेटला. ज्या थोरांनी आयुष्यात पोरांचं एक वाक्य धड ऐकलं नाही, त्यांनी ही ओळ मात्र पुढं ढकलून ढकलून गुळगुळीत केली.

"पुसून टाक."

"माझी पुसली. त्या पानावरची कशी पुसू? तिथं जाऊन समजावू का? तिथं लांबलचक लिहिता येतं."

"कुणाला समजावशील?"

"सगळ्यांना."

बाबा काटकी मोडत राहिले…

खाली मोटारसायकली थांबल्या. एक, मग आणखी. अतिष कोपऱ्यात सरकला.

"कंदील मालवा, बाबा."

बाबांनी वात वर केली. उठून दाराचा अडसर काढला.

"तुम्हीही त्यांच्याच मांडवातले," अतिष दातओठ खात म्हणाला. "म्हातारा तो म्हाताराच."

"असेन." बाबांनी कंदील त्याच्या तोंडासमोर ठेवला.

"ओळखतील ना मला."

"अजून ओळखत नाहीत, म्हणून तर आलेत."

पायऱ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी शिवी हासडली. बाबा उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"एकेकानं या. वाकून. नाव सांगून."

बाहेरचा कालवा थांबला… कुणीच पुढं होईना. कुजबुज झाली. खडी करकरली.

मग एक डोकं दाराखालून आत आलं. चकोट केलेलं, नुकते कुठं केसांचे खुंट फुटलेलं. हातात काठी.

"मी… रावसाहेब ढमाले. फोटोतले ते… माझे वडील."

तो अतिषकडं बघत राहिला. इतकं कोवळं पोर असेल, असं त्याला वाटलं नसावं. काठी मात्र त्यानं सोडली नाही.

पाठ केल्यासारखी तीच ओळ अतिषच्या ओठांवर आली.

"मी फक्त… म्हातारे मांडवात…"

बाबांनी हात वर केला.

"ओळ नको. नावापासून सांग."