राजाचं वय कुणी वाढवलं?

महाराज रणधीर भर लढाईत घोड्यावरून पडले. शत्रूने हातही लावला नव्हता.

दोष घोड्याचाही नव्हता. 'देवदुर्ग' या ऑनलाइन खेळात प्रत्येक पात्राचं वय वाढतं. तारुण्यात तलवार पेलते, मग केस पिकतात, गुडघे कुरकुरतात आणि शेवटी पात्र मरून गादी दुसऱ्याकडे जाते. महाराज रणधीर आता पिकले होते. आणि हे पात्र खेळत होते खुद्द अण्णासाहेब शितोळे, म्हणजे साताऱ्यातल्या ज्या कंपनीने हा खेळ बनवला तिचे मालक. स्वतःचं टक्कल त्यांनी केव्हाच पचवलं होतं. पडद्यावरच्या मिशीतला पांढरा केस मात्र त्यांना पचेना.

त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना बोलावलं.

"माझ्या राजाचं वय वाढता कामा नये. बाकीच्यांचं वाढलंच पाहिजे, नाहीतर खेळणारी पोरं माझ्यावर चालून येतील. आणि नियम सगळ्यांना एकच हवा, लबाडी केली असं कुणी म्हणायला नको."

"उत्तम कल्पना आहे," दामले सर म्हणाले. कंपनीत सगळ्यात जुने तेच. कल्पना उत्तम आहे हे सांगण्याचाच ते पगार घेत.

"मग करा."

"ते... तांत्रिकदृष्ट्या जरा..."

"संध्याकाळी खेळात राजाचा दरबार भरायच्या आधी झालं नाही, तर वय वाढण्याची भानगडच खेळातून काढून टाकू. आणि जिने ती भानगड बनवली, तिलाही."

ती भानगड शर्वाणी थोरातने बनवली होती. कॉलेजातून बाहेर पडून तिला फार दिवस झाले नव्हते आणि ही तिची पहिलीच नोकरी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"होईल," शर्वाणी म्हणाली.

"काय होईल? पोरी, ऐकलंस ना मी काय मागतोय?"

"ऐकलं. एकच नियम करू. यापुढे दिवस सरले म्हणून कुणाचंही वय वाढणार नाही. दरबारात कुणी विचारलेलं नसताना जो बोलेल, त्याचं वय दर वाक्याला एक वर्षाने वाढेल. विचारल्यावर बोललं तर काही नाही."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे ही बडबडी पोरं पटापट म्हातारी होतील. राजाला काय भीती? राजाचं बोलणं सगळ्यांना हवंच असतं."

"हो, पण याचा दुसरा भाग असा, की..."

"पुरे. समजलं मला."

"अण्णासाहेब, वाक्य पूर्ण तरी..."

"आम्ही अर्ध्या वाक्यात अख्खी माणसं ओळखलेली आहेत. लाग कामाला."

शर्वाणी कामाला लागली. दुसरा भागही तिने खेळात घातला. तो कुणी ऐकून घेतला नव्हता, इतकंच.

संध्याकाळी दरबार भरला. महाराज रणधीर काळ्याभोर मिशीने सिंहासनावर बसले होते, कारण नवा नियम लागू करताना सगळी पात्रं पुन्हा तरुण केली होती. लातूरपासून नागपूरपर्यंतचे खेळाडू आपापल्या घरून हजर झाले. कंपनीत मोठ्या पडद्यासमोर सगळे उभे राहिले. अण्णासाहेबांनी माइक चालू केला.

"मंडळी, नियम नवा असला तरी संस्कार जुनेच चांगले."

मिशीत एक पांढरा केस उगवला.

"आमच्या वेळी असले खेळ नव्हते. आम्ही मैदानात घाम गाळायचो. तुम्हाला सगळं आयतं मिळतं. म्हणून तुम्हाला किंमत नाही."

मिशी निम्मी पिकली. कोपऱ्यातून दामले सर आपल्या माइकवर म्हणाले, "राजे बोलतात ते अगदी खरं आहे." पडद्यावरच्या त्यांच्या प्रधानाचा एक दात पडला.

तरुण खेळाडू गप्प होते. घरी पाहुणे आले की गप्प बसून उपदेश ऐकायची सवय त्यांना लहानपणापासून होती. ती आज पहिल्यांदाच कामी आली.

महाराज मात्र सुटले होते. लवकर उठण्याचे फायदे, मोबाइलचे तोटे, लग्नाचं योग्य वय, गूळ घालून केलेली आमटी. पाठ वाकली, डोळे खोल गेले, हातात काठी आली. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: 'महाराजांचे एकच वाक्य उरले आहे.'

अण्णासाहेबांनी घाईघाईने माइक बंद केला आणि शर्वाणीकडे वळले.

"फसवलंस मला! राजाचं वय वाढता कामा नये असं सांगितलं होतं."

"नियमाने कुठे वाढवलं? नियम सगळ्यांना सारखा आहे. बाकीचेही म्हातारे होतायत, दामले सरांचे दात बघा. राजाने म्हातारं व्हायचं की नाही, हे मी राजावरच सोपवलं होतं."



"आता काय, मुकाट बसून राहू जन्मभर?"

"दुसरा भाग तुम्ही ऐकून घेतला नाहीत. खऱ्या प्रश्नाने वय वाढत नाही; उलट तो विचारून जो उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलणार नाही, त्याचं एक वर्ष कमी होईल."

 अण्णासाहेबांनी माइक पुन्हा चालू केला.

"तुम्हाला... काय वाटतं, हे राज्य कसं चाललंय?"

दरबारात हातच हात वर झाले. परभणीची एक मुलगी बोलू लागली आणि थांबेचना. महाराज हरेक लढाईत मध्ये घुसतात, रसद संपवतात, हरल्यावर सैनिकांना शिस्तीवर भाषण देतात. अण्णासाहेबांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. कपाळावर घाम आला. तिचं उत्तर संपलं, तेव्हा पांढऱ्या मिशीत एक केस काळा झाला.

अण्णासाहेबांनी तो केस पाहिला आणि ते खो खो हसत सुटले.

"इतकी मेहनत मी उभ्या आयुष्यात केली नाही!" ते डोळे पुसत म्हणाले. "जिंकलीस पोरी. खेळातले सगळे नियम आजपासून तुझ्या ताब्यात. आणखी काय हवं, माग."

"कंपनीच्या मीटिंगलाही हाच नियम लावा."

"म्हणजे मीटिंगमध्ये मी बोलायचंच नाही?"

"बोला की," शर्वाणी म्हणाली. "कुणी विचारलं तर."

अण्णासाहेब पुन्हा हसले आणि नियम मंजूर झाला. दुसऱ्या दिवशीची मीटिंग चहा यायच्या आतच संपली.