मडक्यात झाकलेल्या भाकऱ्या

फार पूर्वी शंखपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथे मनुष्यजन्म घेतला होता. ते कोण म्हणून जन्मले होते, हे सुरुवातीलाच सांगायची रीत आहे. पण शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका बंद दारासमोर बसून सांगितली आणि सांगताना ती रीत मोडली, म्हणून मीही मोडतो. आधी त्या दाराविषयी सांगितले पाहिजे.

दार खेमंकरी नावाच्या म्हाताऱ्या उपासिकेचे होते. सूत कातून ती एकटी राहत असे, आणि सकाळी भिक्षेला निघालेल्या भिक्खूंच्या पात्रात भाकरी घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे. हात दुखायचे म्हणून ती एक दिवसाआड भाकऱ्या करी आणि उरलेल्या पितळी डब्यात घट्ट झाकून ठेवी. डोळ्यांना कमी दिसे. एका सकाळी तिने वाढलेली भाकरी खाऊन सोमदत्त नावाच्या भिक्खूचे पोट बिघडले आणि तो दोन दिवस अंथरुणाला खिळला. ही बातमी ऐकून खेमंकरीने डब्यातली शेवटची भाकरी चाचपली, तेव्हा बोटांना मऊ लव लागली. भाकरीला बुरशी आली होती.

सोमदत्त तिसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागला, पण खेमंकरीचे दार उघडेना. भिक्खू येऊन उभे राहिले की आतली टकळी थांबे. ते पुढे गेले की पुन्हा सुरू होई. शेजारच्या बाईने विहारात येऊन सांगितले की म्हातारीने वाढणे सोडले आहे, आणि वाढल्याशिवाय जेवायचे नाही हा नेम मात्र सोडलेला नाही. सहा दिवस ती नुसत्या पेजेच्या निवळीवर होती.

सातव्या दिवशी शास्ते स्वतः तिच्या पायरीवर येऊन बसले. सोबत चार भिक्खू होते, त्यांत सोमदत्तही होता. शास्त्यांनी रिकामे पात्र शेजारी ठेवले आणि दाराकडे न पाहता, जणू सोबतच्यांनाच सांगतो आहोत अशा स्वरात कथा सुरू केली.

शंखपुरात भद्रक नावाचा एक गृहस्थ होता. घरी खाऊनपिऊन सुख होते, पण त्याचे नाव होते ते घरातल्या शिंक्यामुळे. भद्रकाच्या घरची भाकरी भर पावसाळ्यातही बिघडत नाही, असे सगळे नगर म्हणे. तो लोकांना सांगे की तव्यावरून उतरलेली भाकरी आधी चटईवर सुटी सुटी निवू द्यावी. गरम झाकली की तिला घाम येतो आणि त्या घामावर बुरशी धरते. निवलेली भाकरी कोरड्या फडक्यात गुंडाळून बांबूच्या दुरडीत ठेवावी, दुरडी वाऱ्याच्या जागी शिंक्याला टांगावी, आणि दर चार दिवसांनी दुरडीला कढत पाणी घालून ऊन दाखवावे. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी भाकरी टाकावी. वर दिसते ती नुसती शेंडी, मुळे आत खोल गेलेली असतात. हे सगळे अगदी खरे होते. फक्त सांगताना त्याची मान जरा जास्तच ताठ होई.

शेजारी तिष्या नावाची बाई राहायची. एकदा तिच्या घरी बुरशी आलेली भाकरी सापडली, तर भद्रकाने ती काठीच्या टोकावर धरून सगळ्या आळीला दाखवली होती. लोक हसले. त्या दिवसापासून तिष्या आपली दुरडी आतल्या खोलीत ठेवू लागली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण भद्रकाला ठाऊक होती. ती आपल्याला लागू पडते, हे मात्र ठाऊक नव्हते.

त्या नगराची एक चाल होती. पावसाळ्याचे चार महिने सात तापस डोंगरावरून उतरून नगराबाहेरच्या आमराईत राहत. ते स्वतः रांधत नसत आणि काही साठवीतही नसत, म्हणून रोज एकेका घराची पाळी असे. त्यांच्यातले थोरले अंजन तापस. दाराशी आल्यावर वाढलेल्या अन्नातला एक घास तिथेच तोंडात घालायचा आणि मग आशीर्वाद द्यायचा, असा त्यांचा नेम होता.

भद्रकाची पाळी दोन दिवसांवर आली असताना त्याच्या बायकोला, उत्पलेला, बहिणीच्या बाळंतपणासाठी निघावे लागले. जाण्यापूर्वी तिने पाळीच्या चौदा भाकऱ्या खरपूस भाजून चटईवर मांडल्या आणि नवऱ्याला बजावले की निवल्या म्हणजे दुरडीत भरा, तुम्हांला काय सांगायचे. तिची बैलगाडी वळणाआड गेली न गेली तोच दाराशी राजाच्या कोठाराचा अधिकारी उभा राहिला. सैन्याच्या शिदोऱ्या पावसात नासत होत्या, आणि भद्रकाची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.

भद्रकाला आनंदाने काही सुचेना. अधिकाऱ्याला बसायला चटई हवी होती, आणि घरातली चांगली चटई भाकऱ्यांनी व्यापलेली. त्याने घाईघाईने त्या वाफाळत्या भाकऱ्या हाताला लागलेल्या एका मडक्यात भरल्या, वर झाकण ठेवले, चटई झटकून अंथरली आणि बोलायला बसला. गरम भाकरी कधी झाकू नये, हे त्याने त्या दुपारी इतके सुंदर समजावून सांगितले की अधिकारी माना डोलवीत राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशातली गत. हाताच्या अंतरावर मडक्यात चौदा भाकऱ्यांना घाम सुटत होता. निघताना अधिकारी म्हणाला की पावसाळा सरला की राजाच्या कोठारावर भद्रकालाच नेमायचे, तसे मी आजच महाराजांच्या कानावर घालतो. त्या बोलण्याच्या नादात भद्रक दोन दिवस मडक्याला विसरला.

पाळीच्या सकाळी त्याने झाकण काढले आणि कुबट वास नाकात गेला. वरच्या भाकरीवर पांढरी लव होती, खालच्यांवर हिरवे ठिपके. एकही सुटली नव्हती.

तापस यायला फार वेळ उरला नव्हता. भाकरी कशी ठेवावी याचे त्याला उदंड ज्ञान होते, पण थापता एकही येत नव्हती. तिष्येच्या चुलीचा धूर दिसत होता. भिंतीवरून हाक मारली असती तरी तिने भाकऱ्या दिल्या असत्या. पण तिला काय सांगायचे? ती काठी त्याला आठवली. मग कोठारावरचे पद आठवले. त्याने सुरी घेतली, बुरशी खरवडली, भाकऱ्या निखाऱ्यावर पुन्हा भाजल्या आणि वर तूपगूळ चोपडला. मुळे आत खोल गेलेली असतात हे त्याचेच वाक्य होते, आणि हात चालू असताना ते सारखे त्याच्या कानात वाजत होते.

तापस आले. अंजन तापसांच्या पात्रात त्याने पहिली भाकरी घातली. त्यांनी नेमाप्रमाणे घास मोडून तोंडात घातला, आणि चावता चावता ते थांबले. त्यांनी भद्रकाकडे पाहिले. भद्रकाने मान खाली घातली. घास गिळून ते म्हणाले, “आज मला भूक फार आहे. सगळ्या भाकऱ्या माझ्याच पात्रात घाल. या सहा जणांना पुढच्या घरी मिळेल.”

आळीतल्या लोकांनी हे ऐकले आणि एकमेकांकडे पाहिले. भद्रकाने उरलेल्या तेराही भाकऱ्या त्यांच्या पात्रात रचल्या. एक शब्द बोलला असता तर पुरे होते, तो बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत नगरभर झाले की थोरल्या तापसाला म्हातारचळ लागला आहे, तूपगूळ पाहिला आणि जीभ सुटली. दुसऱ्या दिवशीच्या घरी अंजन तापसांना अर्धीच भाकरी वाढली गेली. तिसऱ्या दिवशी एका बाईने हसून विचारले की परवाची जिरली का, आणि नुसत्या भाजीपाण्यावर त्यांना वाटेला लावले. भद्रक खांबाआडून हे पाहत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोक भाकरीविषयी विचारायला येत, आणि तो बरे नाही म्हणून सांगून आत बसे. त्याच्या घशाखाली घास उतरेना. तरीही तो तोंड उघडीना, कारण पद अजून हातचे गेलेले नव्हते. इतका त्याचा लोभ, आणि इतकी त्याची भीती.

पाचव्या दिवशी त्याला राहवले नाही आणि तो आमराईत गेला. अंजन तापस पात्राला राख लावून, कढत पाण्याने विसळून ते उन्हात पालथे घालीत होते. हाही भद्रकाचाच धडा, कधीतरी त्यांनी ऐकलेला. शेजारी आंब्याखाली नव्याने उकरून बुजवलेली जागा होती. भाकऱ्या तिथे होत्या. तापसांनी त्या दिवशी तो एक घास सोडून काहीच खाल्ले नव्हते.

भद्रक त्यांच्या पायांशी बसला. त्याने विचारले, “महाराज, तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हांला कळलं होतं.”

“कळलं होतं,” तापस म्हणाले. “मी बोललो असतो तर तू दार लावून घेतलं असतंस. मग पुढच्या पाळीला मी कुणाच्या दाराशी उभा राहिलो असतो?”

“माझ्यामुळे लोक तुम्हांला हावरट म्हणतात.”

“म्हणोत की. मी माझ्यापुरतं खाईन. तू मात्र जेवेनासा झाला आहेस, ते चांगलं नाही.”

त्यांनी रागावून दोन शब्द ऐकवले असते तर भद्रक कदाचित घरी जाऊन पुन्हा गप्प बसला असता. हे मात्र त्याला सोसले नाही. तो रडला, आणि उठून घरी गेला तो ते मडके घेऊनच बाहेर पडला.

आधी तो तिष्येच्या दाराशी थांबला. मडक्याच्या आत अजून हिरवे डाग होते, ते त्याने तिला दाखवले आणि घडलेले सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, “वहिनी, तुमची भाकरी मी काठीवर धरली होती. माझ्या तर मी तुपात लपवून साधूंना वाढल्या. मला क्षमा करा.”

तिष्येने मडक्याच्या आत वाकून पाहिले. “भावोजी, त्या दिवसानंतर मला विहिरीवर जायची लाज वाटायची,” ती म्हणाली. “आता तुम्हीच जाऊन या.” तिने हे उट्टे काढायला म्हटले की वाट दाखवायला, ते तिलाच ठाऊक.

भद्रक गेला. सकाळच्या वेळी सगळी आळी विहिरीवर होती. मडके पुढे ठेवून त्याने सांगितले की अंजन तापसांना भूक नव्हती, मी वाढलेले विष इतरांच्या पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी ते एकट्याने घेतले. काही लोक हसले, काही शिव्या देऊन उठले, आणि ज्या बाईने तापसांची चेष्टा केली होती ती घागर तिथेच टाकून आमराईकडे निघाली. कोठारावरचे पद अर्थातच गेले. भद्रक परत आला तेव्हा तिष्येने सात जणांच्या भाकऱ्या थापून चटईवर निवत घातल्या होत्या. त्या त्याने डोक्यावरून आमराईत नेल्या.

पुढे आयुष्यभर लोक त्याला भाकरी कशी ठेवावी हे विचारीत राहिले. तो सांगायचाही. पण शिंक्याची आणि दुरडीची गोष्ट काढण्याआधी तो त्या दुपारची आणि चटईची गोष्ट सांगे, आणि दर वेळी सांगताना त्याचे कान लाल होत.

एवढे सांगून शास्ते थांबले. पायरीवर ऊन आले होते. सोमदत्ताला वाटले, आता ठरलेलेच ऐकू येणार की तो क्षमाशील तापस म्हणजे बोधिसत्त्व. शास्ते पहिल्यांदाच दाराकडे वळले.

“तेव्हाची तिष्या म्हणजे आज इथे बसलेला सोमदत्त,” ते म्हणाले. “ते अंजन तापस म्हणजे खेमंकरी, तू. आणि बुरशी खरवडून वर तूप लावणारा भद्रक मी होतो. उपासिके, तुला दिसलं नाही म्हणून तू वाढलंस. मला दिसत होतं. त्या जन्मी तू माझं दार लागू दिलं नाहीस.”

मग कडी सरकली. खेमंकरी उंबऱ्यात उभी राहिली, पदर डोळ्यांना लावलेला. हातात भांडे होते.

“भंते, घरात भाकरी नाही,” ती म्हणाली. “पेज आहे. आत्ताच केलीय.”

शास्त्यांनी पात्र पुढे केले. त्यानंतर तिने सोमदत्ताच्या पात्रात वाढले, आणि तो निवांत प्याला.

मनाच्या या लाजेला जाणते लोक ह्री म्हणतात, आणि या कथेतला गुण तोच. भद्रकाने ती धरायला पाच दिवस लावले, असे शास्ते स्वतःच म्हणाले. त्या दुपारी खेमंकरी सात दिवसांनी जेवली, आणि तिचा पितळी डबा शेजारणीने कढत पाण्याने धुऊन उन्हात पालथा घातला.