वाफ दांडी ओढत नाही

"पण उस्ताद, व्हॉल्व्ह बरोबर होता की चूक, तेवढंच सांगा."

बाबालाल उस्ताद कानस चालवत होते. हात थांबला नाही.

अभिनंदन चौगुले शेडच्या तोंडाशी उन्हातच उभा राहिला. आत ये, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

कापड रंगवायच्या कारखान्यात तो आता मेंटेनन्सचा साहेब होता. डिप्लोमा करून आला, तेव्हा पाना कसा धरायचा ते त्याला याच म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. अडतीस वर्षं त्या कारखान्याच्या नळ्या सांभाळून उस्ताद दोन वर्षांपूर्वी घरी बसले. घरी म्हणजे काय, दारापुढच्या या पत्र्याखाली, लोखंड आवळून धरायच्या एका व्हाईसपाशी.

"दुपारी चौकशी समिती बसतीय," अभिनंदन म्हणाला. "बाहेरच्या जाणत्या माणसाचं मत पाहिजे म्हणतात. तुमचा शब्द सगळे मानतात."

"रंगा कसा आहे?"

"आहे..."

"मी विचारलं, कसा आहे."

अभिनंदननं घड्याळाकडं पाहिलं. तो अजून दवाखान्यात गेला नव्हता.

अकरा दिवसांपूर्वी, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, रंगा गुरवनं वाफेच्या मोठ्या नळीची दांडी ओढली. थंड पडलेल्या नळीत पाणी साचलेलं होतं. मागून सुटलेल्या वाफेनं ते पाणी घणासारखं पुढं हाणलं आणि वळणावरचा बिडाचा तुकडा फुटला. रंगाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डोळ्यांबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नव्हते.

त्या जागी पूर्वी चाकाचा व्हॉल्व्ह होता. पुरता उघडायला एकवीस फेरे. अभिनंदननं तो काढून दांडीचा बसवला. पाव फेऱ्यात उघडा, पाव फेऱ्यात बंद. मॅनेजरनं सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली होती. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात उस्ताद तेवढं म्हणाले होते, "वाफेला चाक असू दे." तो हसला होता. उस्ताद पुन्हा काही बोलले नव्हते.

आता त्यांनी कानस खाली ठेवली.

"निवडला कसा, ते सांग."

हे अभिनंदनला येत होतं. तो आत आला. "पुरता उघडा नाहीतर पुरता बंद ठेवायचा असेल तर गेट. प्रवाह कमी-जास्त करायचा तर ग्लोब. उलटा येऊ द्यायचा नसेल तर नॉन-रिटर्न. झटपट बंद व्हायला हवा, गळता कामा नये, तर बॉल, म्हणजे हा दांडीचा. मी बॉल घेतला. वाफेचा दाब, तिची उष्णता, दोन्ही सोसणारा घेतला. कॅटलॉग आहे माझ्याकडं. त्यात कुठंही चूक नाही."

"पाठ आहे तुला."

"तुम्हीच करून घेतलंत."

"व्हय... कुणासाठी निवडलास?"

"वाफेसाठी."

"वाफ दांडी ओढत न्हाई."

अभिनंदनच्या कपाळावर आठी आली. "म्हणून तर म्हणतोय, उस्ताद. दांडी हळू ओढायची असते. तशी पाटी लावलीय तिथं. आधी थोडी उघडायची, पाणी काढून टाकायचं, मग पुढं. रंगानं एकदम ओढली. व्हॉल्व्हचा काय दोष? हात चुकला."

खिशातला कागद काढून त्यानं व्हाईसशेजारी ठेवला. टाईप केलेला. 'सदर अपघातास कामगार रंगराव गुरव यांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे.' खाली सहीपुरती मोकळी जागा.

उस्तादांनी कागद वाचला. मग ते उठले, कोपऱ्यातल्या भंगारातून दांडीचा एक व्हॉल्व्ह शोधून आणला आणि व्हाईसमध्ये आवळला.

"हळू उघड."

"काय?"

"पाटीवर लिहिलंस तसं."

अभिनंदननं दांडी धरली. हलली नाही. जोर लावला. हलली नाही. आणखी जोर लावला, तशी ती खाडकन फिरली.

"पुन्हा."

या खेपेला त्यानं दोन्ही हात लावले, दात आवळले. खाडकन!

"पुन्हा."

खाडकन!

त्याच्या बोटाचं साल निघालं. "हा जाम आहे," तो म्हणाला.

"व्हय. जाम हाय."

"जाम व्हॉल्व्ह हळू उघडणारच नाही."

"तिथला कसा होता?"

अभिनंदनला उत्तर ठाऊक होतं. पाळीच्या वहीत रंगानं दोनदा लिहिलं होतं, 'दांडी जाम आहे, झटका बसतो.' दोन्ही नोंदींखाली 'पाहिले' असं लिहून सही केलेली होती. सही त्याची होती. ती वही अकरा दिवस त्याच्या टेबलाच्या खणात कुलपात होती.

"उस्ताद... माझी नोकरी जाईल."

उस्तादांनी कागद पुढं ओढला.

"वीस वर्षं घातलीत मी तिथं. रंगाला कुठंही काम मिळेल..."

बोलता बोलता ते त्याच्याच कानावर पडलं. तो थांबला.

उस्तादांनी कानावरचं पेन काढलं. रंगराव गुरव या नावावर त्यांनी सरळ रेघ मारली आणि वर सावकाश लिहिलं, 'बाबालाल मुलाणी.' मग खाली सही केली.

"हे काय करताय? तुम्ही तर दोन वर्षं कारखान्यात नाही!"

"तुला शिकवून पास मी केलं."

"असला कागद समितीपुढं ठेवता येणार नाही!"

"मग तुझं नाव घाल."

पत्रा तापून कडकड वाजत होता.

अभिनंदन कागदाकडं बघत राहिला. वाकून या माणसाचे पाय धरावेत, वही समितीपुढं टाकावी, मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात आलं. अगदी ओठापर्यंत आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, की मजकूर कॉम्प्युटरवर तसाच आहे. कारखान्यात जाऊन नवी प्रत काढायला दोन मिनिटं लागतील. मत काय, दुसऱ्या कुणाचंही घेता येईल.

त्याला स्वतःची किळस आली. तरीही त्यानं शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"येतो, उस्ताद."

उस्तादांनी कानस उचलली होती. तो उन्हात पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"नव्या कागदावर त्याचं नाव शुद्ध लिही. रंगाची पोरगी औंदा वाचायला शिकलीय."