चिंधीची सनद

गुलाबशेठ व्यापाऱ्याचा अर्ज असा होता, की गिऱ्हाइकाने घरबसल्या एक तांबडी चिंधी पाठवावी. दुकानदाराने ती ओळखून, वहीत घर आणि माप पाहून, एक शब्दही न विचारता माल घरपोच करावा. ही युक्ती जगात प्रथम आपल्यालाच सुचली. सबब पुढची वीस वर्षे राज्यात दुसऱ्या कोणी खुणेवरून माल पोचवू नये, अशी सनद मिळावी.

असले अर्ज तपासायचे काम अंताजीपंत कारकुनांकडे होते. पहिल्या अर्जात नुसतेच 'माल घरपोच' होते. पंतांनी शेरा मारला, 'गवळी देतो.' शेठनी दुरुस्ती केली, 'खूण आल्यावरच.' पंतांनी लिहिले, 'रिकामी चरवी पाठवली की गवळ्याला कळते.' शेठनी चरवी काढून चिंधी घातली. पंत म्हणाले, चिंधी म्हणजे अक्कल नव्हे. शेठनी चिंधी तांबडी केली. चौथ्या खेपेला शेठनी युक्तीचे नाव 'श्रीमहाराजखूण' ठेवले, आणि महाराजांनी अर्ज पंतांकडून स्वतःकडे मागवून घेतला.

हरकतीसाठी आठ दिवसांची दवंडी पिटली गेली. सातव्या दिवशी म्हाळसाबाई कासारीण दरबारात आली. पंचवीस वर्षे ती घरोघर बांगड्या भरत होती, आणि ही सनद निघाली तर सव्विसावे वर्ष उजाडणार नव्हते.

"महाराज, शेठची युक्ती मी रोज करते," ती म्हणाली. "बाईची बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, आणि तेही शक्यतो म्हणायचंच नाही. म्हणून बायका गुपचूप काचेचा तुकडा पाठवतात. तुकड्याच्या गोलाईवरून मनगट कळतं, रंगावरून घर कळतं. मी जाते आणि भरते. विचारत काहीच नाही."

"पुरावा?" गुलाबशेठनी विचारले.

"गावातली कुठलीही बाई."

"त्या गिऱ्हाइकं. फायद्याची माणसं. तुझी साक्ष तर मुळीच चालणार नाही. कागद आहे?"

"तुकड्यावर कोण लिहितं, शेठ?"

महाराजांनी शेठना शब्द मनातल्या मनात देऊन टाकलेला होता, आणि दिलेला शब्द ते मनातसुद्धा परत घेत नसत. ते म्हणाले, "बाई, साक्षीदार आण. त्याने माल विकलेला नको, घेतलेलाही नको. व्यवहार अर्जाच्या आधीचा हवा, आणि त्याने तो डोळ्यांनी पाहिलेला हवा. उद्या दुपारपर्यंत."

"म्हणजे जे कुणी बोललंच नाही, त्याचा साक्षीदार," पंत टाक पुसत म्हणाले. "लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई एकटीच आली. गुलाबशेठ अंगावर नवी शाल घेऊन बसले होते.

"साक्षीदार कुठे आहे?" महाराजांनी विचारले.

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि एक हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा तुकडा पंतांच्या चौरंगावर ठेवला. "फुटकी काच मी भट्टीला परत देते. हा रंग फार सुरेख, म्हणून ठेवला. राणीसाहेबांचा आहे. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला दुपारी दासीने आणून दिला."

"अर्ज फाल्गुनातला," पंतांनी नोंद केली.

"राणीसाहेब गिऱ्हाईक झाल्या," शेठ म्हणाले. "त्यांची साक्ष चालत नाही."

"राणीसाहेबांना कशाला तसदी? ज्याच्या हातून बांगडी वाढली, त्यालाच विचारू. त्याने माल घेतला नाही, विकला नाही. पाडव्याला वाड्यात सोंगट्यांचा डाव होता. राणीसाहेब जिंकत होत्या. समोरच्या गड्याला पडलेलं दान पसंत नव्हतं, तो फासे पुन्हा उचलायला गेला, राणीसाहेबांनी मनगट आडवं घातलं. दोन बांगड्या गेल्या."

दरबारातली निम्मी मंडळी छताकडे पाहू लागली. उरलेल्यांनी जमीन पसंत केली.

"हे तुला कोणी सांगितलं?" महाराजांनी हळू विचारले.

"बांगड्या भरून घेताना बायका गप्प बसत नाहीत, महाराज. मला एवढंच हवंय: त्या गड्याने दुपारी मनगट मोकळं पाहिलं का? आणि दिवेलागणीला राणीसाहेब त्याला ओवाळत होत्या, तेव्हा हात भरलेला होता का? मधे कासारणीला निरोप म्हणून एक शब्द तरी गेला का?"

गुलाबशेठ पुढे झुकले. "महाराज, आठवत नसेल तर तसं सांगता येतं."

"ओवाळणी आठवत नाही, असं मी वाड्यात जाऊन सांगू?" महाराज म्हणाले. "शब्द कसला जातो? दुपारभर राणीसाहेब माझ्याशीच काय, कुणाशीही बोलत नव्हत्या."

पंतांनी टाक दौतीत बुडवला. "साक्षीदाराचं नाव काय लिहू?"

"वाड्यातला एक इसम, असं लिहा."

शेठ उठून उभे राहिले. "तरी अर्ज उरतोच, महाराज! माझ्याकडे वही आहे. हिच्याकडे कुठे आहे वही?"

"वही कशाला लागते, शेठ?" म्हाळसाबाईने विचारले.

"कुणाचं माप काय, घर कुठलं, ते लक्षात राहत नाही म्हणून."

"मग विसरण्याची सनद मागा. त्याला माझी हरकत नाही."

महाराज आधी नाकातून हसले, मग पोटातून, मग शेल्याने डोळे पुसून पुन्हा हसले. साक्ष देऊन झाल्यामुळे त्यांना मोकळे वाटत असावे. त्यांनी शेठचा अर्ज फेटाळला, म्हाळसाबाईला साडीचोळी दिली आणि दप्तरात पंतांच्या शेजारी एक बैठक दिली. यापुढे बाजाराच्या युक्तीचा कुठलाही अर्ज आधी तिला वाचून दाखवायचा, असा हुकूम झाला.

पहिल्याच सोमवारी गुलाबशेठचा नवा अर्ज आला: न आवडलेला माल गिऱ्हाइकाकडून परत घेण्याची युक्ती. पंतांनी तो सावकाश वाचून दाखवला आणि विचारले, "बाई, यात नवीन काही आहे?"

"आहे," म्हाळसाबाई म्हणाली. "शेठ परत घेणार आहेत."